आमच्या परसातील वसंत

मार्गशीर्षात आजी मोगऱ्याचे पाणी तोडी आणि पौष सरता सरता त्यावर कात्री चालवी. हिरवीगार झुडपे पाहता पाहता गुडघाभर उरत. मला तिचा फार राग येई. एका वर्षी तर एक झुडूप मी हट्टाने राखले. आजी काही बोलली नाही. तिने बाकीच्यांची आळी उकरली, कुजलेले शेणखत घातले, पाणी सोडले. चैत्रात त्या झुडपांवर कळ्यांचे घोस लागले आणि माझ्या झुडपावर मोजकीच फुले! मोगरा बहरतो तो नव्या फुटीवर, हे मला तेव्हा उमगले. पुढच्या पौषात कात्री मीच मागून घेतली.

तुळशीच्या मंजिऱ्याही वेळीच खुडाव्या लागतात; नाहीतर रोप बी धरते व पाने रोडावतात. बियांपुरत्या दोन-चार मंजिऱ्या आजी राखी. ते बारीक बी राखेत मिसळून वैशाखात कुंडीत पेरले, की आठ-दहा दिवसांत अंकुर दिसत. पुदिन्याच्या काड्या सावलीत मुळे धरीत. गवती चहाचे ठोंब मात्र ती उन्हाळ्यात हलवू देत नसे. (त्या उन्हात माणूस तरी कोठे हलतो?) ७ जूनच्या सुमारास मृग लागे. पाऊस पडला, की एका ठोंबाचे दहा होत आणि शेजारीपाजारी जात.