राणी पाकोळी व कागदी लिंबाची रोपे

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम अंगास, नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंत, पावसाचे मान फार मोठे आहे. तेथील ओढ्याकाठच्या दाट रानात व देवरायांत, विशेषतः पावसाळ्यात व त्यानंतर, तळहाताहून मोठे असे एक काळे फुलपाखरू दृष्टीस पडते. हीच राणी पाकोळी होय. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तिला राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केले.

पंख पसरले असता त्यांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर भरते. वरून पंख मखमलीसारखे काळे असून मागील पंखांवर फिकट निळा रुंद पट्टा व त्यावर काळे ठिपके असतात. खालच्या बाजूस पंखांच्या मुळाशी तांबडे डाग असतात. मादीचा रंग काहीसा मंद असतो. नर ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर बसून क्षारयुक्त पाणी शोषताना आढळतात.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो अळीशी. ही पाकोळी माकडलिंबू व लिंबूवर्गातील इतर झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तर वाढलेली अळी हिरवी असते. डिवचल्यास ती डोक्यामागून दुभागलेले शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. लिंबावरील नेहमीच्या फुलपाखराची अळीही अशीच असते. ते फुलपाखरू मात्र आकाराने लहान व काळ्यापिवळ्या ठिपक्यांचे असून रोपवाटिकेचा खरा शत्रू तेच आहे. लहानपणी या दोन अळ्या ओळखण्यात जाणत्याचीही चूक होते. म्हणून अळी कोणती याचा काथ्याकूट करण्यापेक्षा ती कोठे आहे, हे पाहून निर्णय घ्यावा.

रोपवाटिकेत वा नव्या लागवडीत थोड्या अळ्याही रोप निष्पर्ण करतात. तेथे दर तीन-चार दिवसांनी कोवळी पाने उलटसुलट तपासून अळ्या हाताने वेचाव्यात. रोपे थोडी असल्यास औषध फवारण्याचे कारण नाही. वेचलेल्या मोठ्या हिरव्या अळ्या रानातील माकडलिंबावर सोडता येतात. फळावर आलेले मोठे झाड चार पाने गमावून सहसा खंगत नाही. त्यावरील अळ्यांस हात लावू नये. बांधावरील व ओढ्याकाठचे माकडलिंबू सरपणासाठी समूळ तोडण्याची चाल काही ठिकाणी आहे. तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस ते झुडूप प्रत्यक्ष दाखवावे व निदान ओढ्यालगतची झुडपे राखण्यास सांगावे.