तारा बदलल्यावर गिटारीचा सूर कां बिघडतो?

खेड्यापाड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत आतां बाजाच्या पेटीच्या जोडीस गिटार आली आहे. ती वाजविणाऱ्या तरुणांची एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ती अशी कीं, नव्या तारा घातल्या, मोकळ्या तारा बरोबर जुळविल्या, तरी पडद्यावर बोट ठेविलें कीं सूर चढतो. अशा वेळीं बहुतेक जण एक तर वाद्यास दोष देतात, नाहीं तर कानस हातीं घेतात. हा दुसरा अपराध मीं स्वतः केला आहे. त्याची हकीकत पुढें येईल.

प्रथम हें समजून घ्यावें कीं, सूर दोन प्रकारें बिघडतो. मोकळी तारच उतरते, हा एक प्रकार. मोकळी तार बरोबर असून दाबलेली तार चुकते, हा दुसरा. पहिल्याचा उपाय सोपा आहे. नवी तार ताणली जात असते व खुंटीवरचे वेढे आवळत असतात. तार जुळवून ती मधोमध बोटांनीं हळूच उचलून ताणावी, पुन्हां जुळवावी. असें चार-पांच वेळां केल्यावर ती ठरते. वेढे दोन-तीन पुरेत, व ते एकावर एक चढूं देऊं नयेत. शनिवारीं रात्रीं तारा बदलून रविवारीं सकाळीं वाजवावयास बसणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या प्रकाराचें कारण वाद्याच्या रचनेंत आहे. साधारण गिटारीच्या तारेची वाजती लांबी सुमारें 25½ इंच, म्हणजे 648 मिलिमीटर धरितात, व बारावा पडदा नटपासून तिच्या अर्ध्यावर, 324 मिलिमीटरांवर असतो. तेथें दाबलें असतां वरच्या सप्तकांतील तोच स्वर मिळावा. परंतु दाबतांना तार किंचित् ताणली जाते व स्वर चढतो. म्हणून कारागीर घोडीवरील हाडाची पट्टी, जिला सॅडल म्हणतात, ती हिशेबाच्या जागेहून थोडी मागें बसवितात. जाड तारांस अधिक मागें जावें लागतें, म्हणून ती तिरपी असते. तिरपी पट्टी पाहून कोणी ती सरळ करावयास जाऊं नये. जुन्या काळीं प्रत्येक पडद्यासाठीं उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडीत जाण्याची रीत होती. शास्त्रज्ञ गॅलिलिओ ह्याचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली ह्यांच्या 1581 सालच्या ग्रंथांत ती सांगितली आहे. आतांचा भाजक 17.817 हा आहे. अठरानें भागलें असतां बारावा पडदा नटकडे जरा सरकतो व स्वर सुमारें 12 सेंट उतरतो (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग तो सेंट). पण दाबण्यानें चढणाऱ्या स्वरानें ती उणीव बरीच भरून निघे. मला ही जुनी अडाणी रीत मोठी शहाणी वाटते.

आतां परीक्षा. बाराव्या पडद्याच्या नेमकें वर तारेस नुसता स्पर्श करून ती छेडावी. घंटेसारखा स्वर निघतो. मग तेथेंच दाबून छेडावी, व मोबाइलमधील ट्यूनरवर दोहोंची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा निघाला तर तार सॅडलवर जेथें टेकते ती जागा मागें हवी. उतरता निघाला तर पुढें हवी. विजेच्या गिटारींत प्रत्येक तारेस त्यासाठीं स्क्रू असतो. लांकडी गिटारींत तसा नसतो, म्हणून पट्टीस हात लावण्यापूर्वीं इतर सर्व कारणें शोधावीं.

मागच्या तारा किती जाडीच्या होत्या? पुडक्यावरील 10, 11, 12 हे आंकडे पहिल्या तारेची जाडी इंचाच्या हजारांशांत दाखवितात. 10 च्या जागीं 12 चा संच घातला कीं ताण वाढतो, दांडी पुढें वांकते, तारा पडद्यांपासून उंच होतात, व अधिक दाबावें लागल्यामुळें सर्वच स्वर चढतात. तार पहिल्या पडद्यावर, आणि दांडी पेटीस मिळते त्या पडद्यावर, अशी एकदम दाबून धरावी. सातव्या पडद्याजवळ पोस्टकार्ड सरकेल इतकीच फट असावी. फट अधिक असेल तर जुन्या जाडीच्या तारांकडे परतावें, किंवा दांडींतील सळई एका वेळीं पाव फेऱ्याहून कमी फिरवावी. नायलॉनच्या तारांसाठीं केलेल्या गिटारीस पोलादी तारा तर कधींच लावूं नयेत. त्यांच्या ओढीनें घोडी उपटून येते.

बाराव्या पडद्यावर ठीक, पण पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सूर चढत असेल, तर दोष नटच्या खांचेंत आहे. जाड तार अरुंद खांचेंत पुरती बसत नाहीं. तिसऱ्या पडद्यावर दाबून पाहावें. पहिल्या पडद्यावर तार जवळजवळ टेकलेली दिसली पाहिजे. 

आणि एकाच तारेचा सूर चुकत असेल, तर प्रथम ती तारच बदलावी. माझ्या गिटारीची दुसरी तार बाराव्या पडद्यावर चढत असे. मीं सॅडल काढून त्या जागीं पुढच्या बाजूस उतार घासला. तरी जुळेना, म्हणून आणखी घासला. इतका कीं तार पडद्यांवर खडखडूं लागली. चार दिवसांनीं ती तुटली. नवी घातली, तर तिचा स्वर उतरता निघाला! दोष पहिल्यापासून तारेंतच होता, कोठें तरी तिची जाडी असमान होती, आणि मीं चांगली पट्टी घालवून बसलों होतों. शहरांतून दुसरी पट्टी येईपर्यंत तीन आठवडे पेटीवरच भागवावें लागलें.

इतकें सर्व करूनही ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्यांस गिटारीचा गंधार थोडा तीव्र वाटेल. तो तसाच असावयाचा. बारा समान भागांच्या स्वररचनेंत शुद्ध गंधार तंबोऱ्यांत ऐकूं येणाऱ्या गंधाराहून सुमारें 14 सेंट वर असतो. एका सुरावटीसाठीं तो उतरविला तर दुसरी बिघडते. पेटीच्या पट्ट्याही सामान्यतः त्याच मापाच्या असतात, म्हणून दोघींचें जुळतें. मात्र जुन्या पेटीचा सूर ट्यूनरच्या 440 ह्या आंकड्यास मिळत नसेल, तर गिटार पेटीस जुळवावी, पेटी गिटारीस नव्हे. पेटीचे सूर भजनाच्या आधीं पांच मिनिटांत कोणासही घासतां येत नाहींत.