नंबरांची यादी देऊ नकोस

चि. सोनूस,

काल दादाचा फोन आला होता. तुझ्या लिनक्स-पायथनच्या शिबिराला एक खासगी क्लासवाले सभागृह आणि जेवण देणार, बदल्यात त्यांना मुलांची नावं आणि घरचे नंबर हवेत, आणि तू हो म्हणालास, असं त्याच्या कानावर आलंय. हे खरं असेल तर तो होकार आजच मागे घे. येणारी मुलं आठवी-नववीतली. आईवडील नंबर देतात ते तुझ्या भरवशावर, आणि मग वर्षभर प्रवेशाचे फोन येत राहिले तर पुढच्या शिबिराला ते मुलांना धाडणार नाहीत. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं स्पष्ट म्हटलंय.

तू म्हणशील, पैशावाचून अडतं. पण अडतं नेमकं कुठे ते बघ. सॉफ्टवेअर फुकट, शिकवणारे आपले मित्र. राहतो तो जागेचा आणि चहा-पोह्यांचा खर्च. पोह्यांचं कसंही जमवता येतं, म्हणजे खरा प्रश्न जागेचा. आणि जागा गावात आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेतल्या संगणकाच्या खोलीला कुलूप लागतं, दुपारभर ती रिकामीच असते. १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत, कित्येकांकडे लहानसं सभागृह आहे आणि तरुण वाचक यावेत ही त्यांचीही गरज आहे. पुण्यातला लिनक्स वापरणाऱ्यांचा गटसुद्धा वर्षानुवर्षं एका महाविद्यालयाच्या आवारातच भरत आला. शाळेची खोली मागितली की मुख्याध्यापक नाही म्हणतात, याचं कारण बहुधा जबाबदारीची भीती असते. यंत्र बिघडलं तर कोण भरून देणार, कुलूप कोण लावणार, मुली घरी कशा जाणार, हे कागदावर लिहून सहीनिशी दे. त्याच शाळेतले एखादे शिक्षक बरोबर घे आणि पत्रिकेवर शाळेचं नाव तुमच्या नावाच्या वर छाप.

मोठ्या कंपनीकडून सीएसआर मिळवू, असंही तुझ्या मनात असेल. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चायला लावले आहेत हे खरं, पण २०२१पासून ते काम बाहेरच्या संस्थेकडे द्यायचं तर ती सरकारदरबारी नोंदलेली असावी लागते. पाच-सहा मित्रांच्या गटाला तो दरवाजा बंदच. बाहेरच्या अनुदानावरही सगळा भार टाकू नकोस. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन जगभरच्या मेळाव्यांना मदत करतं, पण २०२५च्या ऑगस्टमध्ये वर्षाची तरतूद आधीच संपली म्हणून त्यांनाही अनुदान थांबवावं लागलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला मदत करणाऱ्या फॉस युनायटेडसारख्यांकडे अर्ज जरूर कर. मात्र एक हात आखडला तरी शिबिर उभं राहील इतकी मदत गावातूनच गोळा कर. संगणक दुकानदाराकडून पेनड्राइव्ह आणि वायरी, कुणाकडून नाश्ता, कुणाकडून छपाई. फलकावर त्यांची नावं लाव, खर्चाचा हिशेब शेवटी सगळ्यांसमोर वाच. देणाऱ्याला नाव मिळावं, नंबर कुणालाही मिळू नयेत.

अशाने शिबिर लहान होईल, असं तुला वाटेल. होऊ दे. पंधरा मुलं आली आणि त्यांतली निम्मी पुन्हा आली, तर पुढच्या वेळी वाचनालय स्वतः बोलावेल. शंभर मुलांचा फोटो क्लासच्या जाहिरातीला उपयोगी पडेल, तुला नाही.

रागावून लिहिलं, कारण त्या यादीमुळे मला झोप नाही. तू हे काम हातात घेतलंस याचा आनंद मात्र मोठा आहे. तुझ्या वयात असं काही करावंसं वाटूनही मी नोकरीच्या पलीकडे गेले नाही, त्याची रुखरुख अजून आहे. त्या क्लासवाल्यांना चार ओळी लिहून नम्रपणे नाही कळव. पहिल्या शिबिराच्या नाश्त्याचे पैसे मी पाठवते, त्याचा हिशेब नको. आणि दादाला आज रात्री फोन कर, तो काळजीत आहे.

तुझी,
आत्या