शून्य एक

"बाबा, तुमचा व्हिसा मल्टिपल आहे ना?" आदल्या रात्री लेकीने विचारलं होतं. टीव्हीवरची नजर न काढता मी म्हणालो, "नव्वद दिवसांचा आहे गं, काळजी करू नकोस." तिने दिवस विचारलेच नव्हते.

लेक-जावई फ्रान्समध्ये, तुलूझला असतात. मार्च संपत आला होता, आम्ही दोघं त्यांच्याकडे होतो आणि अंडोऱ्याचं खूळ माझंच. फ्रान्स आणि स्पेनच्या बेचक्यात, पिरेनीज पर्वतात बसलेला ४६८ चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे साधारण मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढाच. विमानतळ नाही, रेल्वे नाही. जायचं तर रस्त्यानेच. तुलूझहून अंतर दोनशे किलोमीटरही भरत नाही. "सकाळी निघू, रात्री जेवायला घरी," असं मी जाहीर करून टाकलं. पुण्याहून महाबळेश्वर करून येणाऱ्या माणसाचा हिशेब!

आक्स-ले-थेर्म हे गाव मागे पडेपर्यंत तो बरोबरही होता. पुढे घाट. एन्वलिरा खिंडीची उंची २,४०८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी साडेसातशे मीटर गाडी चढवायची, तीही बर्फात. फ्रान्सच्या डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर लावा नाहीतर साखळ्या जवळ ठेवा, असा नियम आहे. आमच्या डिकीत साखळ्या होत्या. कोऱ्या, पिशवीसुद्धा न उघडलेल्या.

सरहद्दीच्या अलीकडे बर्फ भुरभुरू लागला आणि पुढच्या गाड्या एकेक करून कडेला लागल्या. आम्हीही लागलो. मी अनुभवी माणसाच्या थाटात मागच्या चाकांकडे बोट दाखवलं. "बाबा, आपल्या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं," जावई मऊ आवाजात म्हणाले. साखळी चाकामागून सरकवायची, वर आकडा अडकवायचा, मग समोरून ओढून घ्यायची. वाचायला तीन ओळी. करायला पाऊण तास लागला. हातमोजे घातले तर आकडा सापडेना, काढले तर बोटं सापडेनात. गुडघ्याखाली गाडीतलं पायपुसणं घेतलं तेव्हा कुठे जमलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबायचं आणि सैल झालेली साखळी आवळायची, हे शेजारच्या एका फ्रेंच आजींनी खुणेनं शिकवलं. म्हणून सांगतो, साखळी घेताना टायरच्या कडेवरचा आकडा जुळवून घ्या आणि एकदा तरी घरासमोर, कोरड्या जमिनीवर लावून बघा.

खिंड टाळायला खालून २००२पासून बोगदा आहे, टोलचा. "टोल कशाला? वरून देखावा दिसेल," हेही माझंच. वर काय दिसलं? पांढरं. समोर, खाली, आरशात, सगळीकडे पांढरं. बर्फ पडत असेल तर टोल भरा, विषय संपला.

राजधानीबद्दल फार लिहीत नाही. अंडोरा ला वेल्यात दुकानंच दुकानं. १५८० साली बांधलेलं कासा दे ला व्हाल, म्हणजे त्यांची जुनी संसद, तेवढी मन लावून पाहिली. लेकीचा फोन मात्र तिथे महागात पडला. अंडोरा युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिच्या फ्रेंच सिमचं युरोपभर चालणारं रोमिंग तिथे लागू नव्हतं. नकाशा उघडा ठेवल्याचं बिल पुढच्या महिन्यात आलं. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि सरहद्दीआधी डेटा बंद करावा.

परतताना सरहद्दीवरच्या पास दे ला कासा गावात स्वस्त पेट्रोल भरलं आणि फ्रेंच तपासणीत गाडी बाजूला घेतली गेली. माणशी तीनशे सिगारेटी आणि दीड लिटर कडक दारू, एवढी सूट असते. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून मी निवांत. तरुण अधिकाऱ्याने डिकीतल्या ओल्या साखळ्या हलवल्या, चिवड्याचा डबा उघडून हुंगला, बंद केला. मग पासपोर्ट मागितले. माझ्या व्हिसाच्या चिकटपट्टीवर त्याचं बोट एका जागी थांबलं. चष्मा लावून पाहिलं. एंट्रीजच्या रकान्यात '०१'.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चलन युरोच असलं तरी अंडोरा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्या देशाचे दोन सहराजे: एक स्पेनमधल्या उर्जेलचे बिशप, दुसरे खुद्द फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. मला वाटलं होतं, अर्धा राजा पॅरिसात बसतो तर फ्रान्सचा व्हिसा तिथे चालेलच. अंडोऱ्यात शिरताना कोणी अडवत नाही, ही गोष्ट वेगळी. परतताना मात्र आपण शेंगेनमध्ये नव्याने येतो, आणि आमचा एकुलता एक प्रवेश मुंबईहून विमानाने उतरलो तेव्हाच खर्ची पडला होता.

पंचवीस मिनिटं आम्ही म्हातारा-म्हातारी थंडीत उभे. लेक स्वतःचं रहिवासी कार्ड दाखवत फ्रेंचमध्ये विनवत होती. शेवटी पासपोर्ट मिळाले, तंबीसकट. हे नशीब, यावर कोणी बेत आखू नये. अर्ज भरतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि सोबतच्या पत्रात अंडोऱ्याचं नाव लिहा. हातात आलेल्या व्हिसावर तारखा आणि दिवस झाले की तिसरा रकानाही वाचा. तिथे 'मल्ट' हवं. प्रवास विमा नुसत्या शेंगेनपुरता आहे का, तेही पाहून घ्या.

गाडी उतारावर लागली तरी कोणी बोलेना. बऱ्याच वेळाने मागून हिचा आवाज आला, "नव्वद दिवसांचा आहे ना हो?"