तीन शब्द आणि दुखरे गुडघे



दुसरबीडला मिस्सा संपल्यावर एका आजींनी आम्हांला थांबवून विचारले, "फादर, सारा जन्म निंदण-खुरपणात गेला. आता गुडघे वाकत नाहीत. सगळे गुडघ्यांवर असतात आन् मी एकटी बसून. देवाला चालंल का?"

उत्तरासाठी आपण स्तोत्र ९५ मधील ६ वे वचन पाहू. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ शब्दांकडे जाणाऱ्या त्यांच्या वाटेने आपणही चार पावले जाऊ या. या वचनात उपासनेसाठी तीन हिब्रू क्रियापदे आहेत.

१) हिश्तहवा : जमिनीपर्यंत लवणे. आपला 'दंडवत' याच्या जवळचा. अब्राहाम तीन पाहुण्यांपुढे असाच लवला (उत्पत्ती १८:२).

२) कारा : पाय दुमडून खाली वाकणे. बळ गेल्यामुळे लटपटणाऱ्या गुडघ्यांसाठीही हाच शब्द आला आहे (ईयोब ४:४).

३) बारख : गुडघे टेकणे. 'बेरेख' म्हणजे गुडघा. 'आशीर्वाद देणे, स्तुती करणे' या अर्थाच्या शब्दातही हीच तीन अक्षरे आहेत.

तिन्ही शब्द शरीराचे आहेत. मग ज्याचे शरीर थकले त्याने काय करावे?

म्हातारा याकोब खाटेवर होता. तेथेच, खाटेच्या उशाकडे, त्याने नमन केले (उत्पत्ती ४७:३१). तेथे शब्द आहे 'हिश्तहवा'! जुन्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हे नसत. त्यामुळे 'मिट्टा' (खाट) आणि 'मट्टे' (काठी) सारखेच दिसतात. ग्रीक भाषांतरकारांनी 'काठी' वाचले, म्हणून इब्री ११:२१ मध्ये याकोब काठीवर टेकून नमन करतो. वृद्ध दावीद राजानेही अंथरुणावरूनच नमन केले (१ राजे १:४७). शब्द तोच.

ख्रिस्तसभेचा नियमही तसाच आहे. प्रकृतीमुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत, त्यांनी भाकर व द्राक्षारस पवित्र झाल्यावर धर्मगुरू गुडघा टेकतात तेव्हा आदराने वाकावे.

तेव्हा आजी, खुशाल बसा; मान लववा. तेच तुमचे दंडवत.

आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी ८ वे वचनही वाचावे. तेथे ताकीद कठीण झालेल्या अंतःकरणाबद्दल आहे, ताठरलेल्या गुडघ्यांबद्दल नाही. गुडघे टेकूनही शेजाऱ्याशी अबोला धरणारे आपल्यात कोणी नाही ना, हे आपण सर्वांनी, आम्हीही, या आठवड्यात तपासू या.