काळ्या मातीचे कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार भुकेल्यांस खुले केले, अशी कथा आहे. पण या गावाचे दुसरे कोठार आजही भरते. ते म्हणजे काळी माती! सप्टेंबरातला पाऊस ती पोटात साठविते आणि त्या ओलीवरच मालदांडी ज्वारी पिकते. २०१६ साली येथील ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र जोराची सर आली, की उतारावरची माती वाहून जाते. बोटभर माती पुन्हा तयार व्हावयास शतके लागतात.

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतून महाविद्यालयीन मुले सात दिवस खेड्यात राहावयास जातात. अशा शिबिरांत उतारास आडवे चर खणतात. हातांस फोड येतात, आणि पावसाळ्यापर्यंत फळ काही दिसत नाही. मग एके दिवशी चरात गढूळ पाणी थांबते, निवळते आणि तळाशी शेतातून निसटलेली माती बसलेली दिसते.