घरट्याचा पत्ता

रोज एक तरी फोटो टाकायचाच, असा नेम लागला की सगळं एकाच मापाने मोजलं जातं: घरचं मांजर, घाटातलं धुकं, निवडणुकीवरचं परखड मत आणि घरट्यातला पक्षी. मत चुकलं तर मागे घेता येतं. मांजर आपल्याच घरात सुखरूप असतं. घरट्याच्या फोटोची किंमत मात्र फोटो काढणाऱ्याला मोजावी लागत नाही, पक्ष्याला लागते. म्हणून पक्ष्यांचे फोटो काढण्याच्या छंदातल्या नव्या माणसांना माझं सांगणं एवढंच असतं, की फोटो खुशाल दाखवा, ठिकाण आणि दिवस स्वतःजवळ ठेवा.

वाघाचा ठावठिकाणा फुटला तर गाड्यांची झुंबड उडते हे खरं, पण वाघ निदान उठून दुसरीकडे जाऊ शकतो. कोकणातल्या महाधनेशाला ती सोय नाही. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून जेमतेम चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. तिची उडायची पिसंही आतच झडतात. मग कित्येक आठवडे तिचं आणि पुढे पिल्लाचं पोट नर घेऊन येईल त्या फळांवर. झाडाखाली आठ-दहा जण लेन्स रोखून उभे असले की नर ढोलीपाशी यायला बिचकतो, त्याची खेप चुकते आणि आत उपास घडतो. शिवाय तीच ढोली पुढच्या वर्षीही वापरात येते. म्हणजे एकदा फुटलेला पत्ता वर्षानुवर्षं फुटलेलाच राहतो. उघड्या घरट्यांचं दुखणं निराळं. आड येणारी डहाळी बाजूला केली की अंड्यांवर ऊन येतं, कावळ्याची नजरही जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच घातलं आहे. हे सांगितलं की काही कॅमेरावाले दुखावतात. दुखावू देत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: चोरट्या शिकाऱ्यांना आपल्या फोटोची गरज काय, त्यांचे खबरे गावातच असतात. अर्धं खरं आहे. पण गोनियुरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये ठिकाणासह प्रसिद्ध झालं, आणि हौशी पाळणाऱ्यांच्या बाजारासाठी ती इतकी पकडली गेली, की चीनमधल्या त्या मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाली. तिथे पत्ता पुरवला तो शास्त्रज्ञांच्या लेखाने. आणि खरं तर माझी मोठी धास्ती चोरांची नाहीच, आपल्यासारख्या पक्षीप्रेमींच्या गर्दीची आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नोंदी लपवल्या तर अभ्यास कसा व्हायचा? १८८४ नंतर खात्रीची नोंद नसलेला रान पिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तेव्हापासून प्रत्येक नोंद मोलाची ठरली. मान्य. पण नोंद करणं वेगळं आणि दवंडी पिटणं वेगळं. ईबर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा सर्वांना दाखवत नाही, आयनॅचरलिस्ट हे जीवनोंदींचं संकेतस्थळ धोक्यातल्या जिवांचं ठिकाण मुद्दाम धूसर करतं. अभ्यासाला माहिती मिळते, गर्दीला मिळत नाही. राहिला गावातल्या वाटाड्यांच्या पोटाचा प्रश्न. तालुक्याचं नाव लिहिलं तरी पाहुणे येतात, आणि झाड वाटाड्यांना माहीत असलं, आपल्या फोटोला नसलं, तर त्यांचंच काम वाढतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवताना ही माहिती फोटोतून निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवला की अक्षांश-रेखांश सोबत जातात. मागे देऊळ, मनोरा, ओळखीचा सुळका दिसत असेल तर कापा. पिल्लं उडून गेल्यावरच फोटो टाका. मात्र दरवर्षी वापरात येणाऱ्या ढोलीसाठी एवढंही पुरत नाही, तिथे जिल्ह्यापलीकडे काही लिहू नये. आणि "दादा, लोकेशन?" असा खासगीत निरोप आला, तर विचारणारा ओळखीचा असला तरी नाही म्हणावं.